टायमिंग चेन केव्हा बदलावी

टायमिंग चेन नावाची वस्तू जगात असते हे लिओनार्ड रिबेलोला वयाच्या छत्तिसाव्या वर्षी कळलं, आणि ते कळलं नसतं तर आपलं फार बरं चाललं असतं असं त्याचं आजही प्रामाणिक मत आहे. कळवलं गुणाजी मेस्त्रीने. गुणाजीचं गॅरेज रे रोडला, लाकडाच्या वखारींच्या मधल्या बोळात. लिओनार्ड तिथे गेला होता तो हॉर्न वाजत नाही म्हणून. पण गुणाजीला हॉर्नसारख्या किरकोळ दुखण्यात रस नव्हता. त्याने बॉनेट उघडलं, गाडी सुरू करायला लावली, डोळे मिटले आणि मान तिरकी करून तो बराच वेळ नुसता उभा राहिला.

“सायबा, हो आवाज ऐकलात?”

“कुठला आवाज?”

“खडखड. टायमिंग चेन ढिली झाली आसा.”

आणि मग लिओनार्डला तो आवाज ऐकू आला. गेले आठ महिने तो गाडी चालवत होता, तेव्हा हा आवाज कुठे होता कोण जाणे. गुणाजीने समजावून सांगितलं की, इंजिनच्या पुढच्या अंगाला आत एक साखळी फिरत असते. इंजिनात काय कधी उघडायचं आणि काय कधी मिटायचं, हे सगळं तिच्या हिशेबाने चालतं. ती तुटली की इंजिन असेल तिथे आणि असेल त्या क्षणी बंद. मग ढकललं तरी उपयोग नाही.

“किती दिवस टिकेल?” लिओनार्डने विचारलं.

“ता काय सांगूचा? तुटली तर फाल्या तुटतली, नायतर तुमच्या नातवाच्या लग्नाक पण जातली.”

फाल्या म्हणजे उद्या, एवढी मालवणी लिओनार्डला येत होती. नातवाच्या लग्नाचं त्याने ऐकलंच नाही. हॉर्न तसाच ठेवून तो दहा मैलांच्या वेगाने गिरगावात परत आला आणि वाडीच्या तोंडाशी गाडी उभी करून पायरीवर बसून राहिला.

इतकं घाबरण्यासारखं काय होतं, असं कुणी म्हणेल. कुणी म्हणेल कशाला, अख्खी वाडी म्हणत होती. पण ही गाडी लिओनार्डने हौसेने घेतलीच नव्हती. बायकोच्या, म्हणजे व्हायोलाच्या, पहिल्या खेपेला, आठव्या महिन्यात, तो तिला रीतीप्रमाणे परळला माहेरी पोचवायला निघाला होता, व्हिक्टोरिया घोडागाडीतून. कळा वाटेतच सुरू झाल्या. भायखळ्याच्या पुलावर घोडा अडून बसला. चाबूक झाला, चुचकारणं झालं, पण घोडा हलेना. आयव्ही पुलावरच जन्माला आली, आणि जन्मल्यावर ती रडली नाही. कुणा वाटेवरच्या बाईने तिला उलटी धरून पाठीवर चापट्या मारल्या तेव्हा कुठे ती रडली. मधे चार मिनिटं गेली. आयव्ही आता पाच वर्षांची होती आणि दिवसभर घर डोक्यावर घेत होती, पण ती चार मिनिटं लिओनार्डच्या मनातून काही गेली नव्हती.

म्हणून विलायतेला परतणाऱ्या साहेबाची जुनी गाडी त्याने घेतली. म्हणूनच दुसऱ्या खेपेला व्हायोलाचा भाऊ कॉनरॅड तिला माहेरी न्यायला आला तेव्हा लिओनार्डने त्याला चहा पाजून परत पाठवलं. “दारात गाडी असताना माहेर कशाला? कळ आली की पंचवीस मिनिटांत परळचं हॉस्पिटल,” असं तो मोठ्या तोऱ्यात म्हणाला होता. डॉक्टरांनी जानेवारीची अखेर सांगितली होती आणि आता डिसेंबर उजाडला होता.

पेच असा होता. चेन बदलायची तर इंजिन उघडायला हवं. गुणाजी म्हणत होता एका दिवसाचं काम, पण गुणाजीच्या कामाचा भरवसा किती हे हॉर्नवरून कळलं होतं. इंजिन उघडून पडलेलं असताना कळा सुरू झाल्या तर? आणि न बदलावी, तर चेन कुठे तुटणार याबद्दल लिओनार्डच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. ती भायखळ्याच्या पुलावरच तुटणार होती.

लिओनार्ड सागरी विम्याच्या कंपनीत दाव्यांच्या विभागात होता. चौदा वर्षं तो जहाजं कशी बुडतात ते वाचत आला होता, आणि प्रत्येक बुडालेल्या जहाजाच्या कागदांत ‘अजून एक फेरी निघेल’ असं म्हणणारा कुणीतरी त्याला सापडलाच होता. अशा माणसाने घाईने निर्णय घेणं शक्यच नव्हतं. त्याने ऑफिसच्या रीतीने फाईल उघडली. वर विषय लिहिला: ‘टायमिंग चेन बदलणे अथवा न बदलणे’. खाली दोन रकाने, अनुकूल आणि प्रतिकूल. मग संबंधितांची मतं मागवायला सुरुवात केली.

संबंधित म्हणजे कोण, याची व्याख्या वाडीत जरा सैल होती. पहिलं मत शेजारच्या जयवंतने दिलं, न मागता. जयवंत म्युनिसिपल शाळेत मास्तर, आणि उरलेला सगळा वेळ संयुक्त महाराष्ट्राला वाहिलेला. “इंजिन उघडू नको, लिओ. कंपनीने बंद केलेली वस्तू आपण उघडली की ती पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. माझं घड्याळ बघ.” त्याचं घड्याळ गेली तीन वर्षं साडेचार दाखवत होतं. लिओनार्डने हे प्रतिकूलमध्ये लिहिलं. माडीवरचे राजारामकाका ट्राममधून निवृत्त झालेले. त्यांनी गाडीला एक फेरी मारली आणि ट्रामला चेनच नसते, असं सांगून ते निघून गेले. हे कुठल्या रकान्यात घालावं यात लिओनार्डची एक संध्याकाळ गेली. ऑफिसातले हेडक्लार्क रामदास म्हणाले, “मेकॅनिकचं म्हणणं लेखी घ्या. उद्या तुटली तर निदान कागद तरी असेल.” पुलावर कागद घेऊन आपण काय करणार हे लिओनार्डने विचारलं नाही, कारण रामदास वरिष्ठ होते.

आई, म्हणजे पर्पेच्युआबाय, रकान्यांच्या भानगडीत पडली नाही. तिने फादरना बोलावलं. फादरनी आशीर्वाद देऊन पवित्र पाणी शिंपडलं, आणि पर्पेच्युआबायने आग्रह करून बॉनेटही उघडायला लावलं. पाणी थेट प्लगांवर गेलं. गाडी दोन दिवस सुरू झाली नाही.

“देवाने तिला विसावा दिला, पोरा,” पर्पेच्युआबाय म्हणाली.

या सगळ्यात व्हायोला गॅलरीत बसून झबली शिवत असे. एकदा तिने विचारलं, “लिओ, मग काय ठरलं?”

“मतं मागवतोय,” लिओनार्ड म्हणाला. “तू शांत राहा. तुला या दिवसांत काळजी करायची नाही.” त्याने फाईलवर ‘पंधरा दिवसांनी पुन्हा सादर करावे’ असा शेरा मारला आणि सही केली.

डिसेंबरच्या मध्यावर त्याने मनाचा हिय्या केला आणि तो ऑपेरा हाऊसजवळच्या सुट्या भागांच्या दुकानात गेला. निदान चेन तरी घरात असावी, बदलायचं पुढचं पुढे. दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. माल विलायतेचा, कोट्यातला, त्यामुळे गाडीच्या नोंदणीचं पुस्तक पाहिल्याशिवाय मिळणार नव्हता. लिओनार्डने पुस्तक दाखवलं. पुस्तकावर साहेबाचं नाव होतं. नाव बदलण्याचा अर्ज सरकारी कचेरीत आठ महिने पडून होता, कारण इंजिनच्या नंबरातला एक आकडा कुणा कारकुनाने तीनचा आठ केला होता. लिओनार्ड कचेरीत गेला. तिथल्या माणसाने सांगितलं की आकडा दुरुस्त करायला मूळ मालकाची सही लागेल. मूळ मालक स्कॉटलंडात होता. लिओनार्डने बोटीच्या टपालाने पत्र धाडलं. स्वतः कारकून असल्यामुळे त्याला त्या माणसावर रागावताही येईना; त्याच्या जागी आपणही हेच केलं असतं, हे त्याला ठाऊक होतं.

आता एकच उपाय उरला, चेन जपायची. लिओनार्डने गाडी वापरणं बंद केलं. ऑफिसला तो ट्रामने जाऊ लागला. रोज सकाळी मात्र तो गाडी एक मिनिट सुरू करी, बॉनेटवर कान ठेवी, आणि आत जाऊन फाईलमध्ये नोंद करी. ‘आवाज: मध्यम.’ ‘आवाज: किंचित अधिक.’ हळूहळू आवाज गाडीबाहेरही ऐकू येऊ लागला. ऑफिसातल्या टाईपरायटरांत तो होता. व्हायोलाच्या शिवणयंत्रात होता. एका रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या वेळी सगळे गुडघे टेकून बसले असताना त्याला तो आईच्या जपमाळेत ऐकू आला आणि तो ताडकन उभा राहिला. मागच्या दोन रांगाही त्याचं बघून उभ्या राहिल्या.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात वसईला मावसभावाचं लग्न निघालं. उंबराच्या पाण्याला, म्हणजे नवऱ्यामुलाच्या अंघोळीचं पाणी वाजतगाजत आणायला, घरातला मोठा भाचा हवाच, म्हणून शनिवार-रविवार आईबरोबर जाणं भाग होतं. व्हायोला अवघडलेली, ती घरीच राहिली. बँडच्या तालावर उंबराचं पाणी आणायला निघालेल्या मिरवणुकीत लिओनार्ड इतका उतरल्या तोंडाने चालत होता की नवऱ्यामुलाच्या सासऱ्याला वाटलं, याचा या सोयरिकीला विरोध असावा. त्यांनी त्याला बाजूला घेऊन दोनदा विचारलंही.

सोमवारी पहाटे परत आल्या आल्या त्याने गाडी सुरू करून बॉनेटवर कान ठेवला. त्याने नोंद केली: ‘आवाज स्पष्टपणे वाढला आहे. परिस्थिती गंभीर.’ जयवंत दात घासत बाहेर उभा होता. लिओनार्डने त्याला ऐकायला बोलावलं. जयवंतने ऐकलं, लिओनार्डकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि त्याला जोराचा खोकला आला. पुढे दहा दिवस वाडीत ज्याला ज्याला लिओनार्डने आवाज ऐकायला बोलावलं, त्याला खोकला आला. थंडीचे दिवस होते.

मग मुंबई केंद्राच्या ताब्यात जाणार अशी बातमी रेडिओवर आली आणि शहर पेटून उठलं. बस बंद, ट्राम बंद, टॅक्सी औषधाला मिळेना. रस्त्यावर दगडांचा खच, नाक्यानाक्यावर पोलीस, आणि कुठे गोळीबार झाला याच्या बातम्या तासातासाला वाडीत येत होत्या. जयवंत दोन दिवस घरी आला नव्हता. आला तेव्हा त्याच्या सदऱ्यावर दुसऱ्या कुणाचं तरी रक्त होतं. लिओनार्ड खिडकीशी उभा राहून बोटांवर दिवस मोजत होता. महिनाअखेरीला अजून बारा दिवस होते. तेवढ्यात सगळं शांत होईल, असं तो स्वतःला बजावत होता.

बुधवारी सकाळी नऊ वाजता व्हायोला गॅलरीतून उठली, दाराची चौकट धरून उभी राहिली आणि म्हणाली, “लिओ, गाडी काढ.”

लिओनार्ड गाडी काढायच्या ऐवजी खुर्चीत बसला. पर्पेच्युआबायने त्याला दंडाला धरून उभं केलं, त्याचा टाय सोडून घेतला कारण टायवाल्याला आज रस्त्यात कुणी सोडलं नसतं, आणि ती आयव्हीला पोटाशी धरून देवापुढे बसली. जयवंत पुढच्या सीटवर येऊन बसला. “तू फक्त चालव. माणसांशी मी बोलतो,” एवढंच तो म्हणाला.

गाडी सुरू झाली. खडखड, खडखड. लॅमिंग्टन रोडला खडखड. सात रस्त्याला खडखड. भायखळ्याचा पूल टाळून तो आर्थर रोडवरून निघाला होता, पण आता प्रत्येक चढ त्याला पूलच वाटत होता. दर शंभर पावलांवर जयवंत खिडकीतून डोकं बाहेर काढून “बाळंतीण आहे, बाळंतीण!” असं ओरडत होता, आणि माणसं बाजूला होत होती.

लालबागच्या नाक्यावर मात्र रस्ता पुरता अडवला होता. पिंपं, हातगाड्या, उपटलेले खांब, आणि त्यामागे गिरणीतले दोनेकशे लोक. विलायती गाडी पाहून एक आरोळी उठली. धिप्पाड, करड्या मिशांचा एक गडी पुढे आला. त्याला सगळे बुधाजी म्हणत होते.

“विंजन बंद कर!”

“नाही करणार!” लिओनार्ड ओरडला. आपल्या आवाजाचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

“काय म्हन्ला?”

“बंद करणार नाही! बंद केलं तर परत सुरू होणार नाही. चेन आहे. टायमिंग चेन! ती कुठल्याही क्षणी तुटेल!”

जमाव चकित झाला. इतक्या दिवसांत पोलिसांचे हुकूम त्यांनी ऐकले होते, पण चेनची सबब कुणी सांगितली नव्हती. जयवंतने बाळंतिणीचं सांगितलं. बुधाजीने मागे वाकून पाहिलं, व्हायोलाचा चेहरा पाहिला, आणि लगेच मागे वळून हात केला. पोरं पिंपं हलवायला धावली. पण बुधाजी गिरणीतल्या फिटर खात्यातला होता, आणि चालू यंत्र समोर असताना गप्प राहणं त्याला जमेना. पिंपं हलेपर्यंत त्याने बॉनेटला कान लावला.

“सायेब, चेन बेस हाय की तुमची.”

“बेस? हा खडखडाट ऐकू येत नाही तुम्हाला?”

“कसला खडखडाट? नवी कोरी चेन हाय ही. तीस वर्सं यंत्रं ऐकतोय मी.”

“मला शिकवू नका!” लिओनार्ड तोल सुटून म्हणाला. “माझ्याकडे फाईल आहे! दीड महिन्याच्या नोंदी आहेत!”

“लिओ!” मागून व्हायोलाचा आवाज आला. दोन कळांच्या मधे जेवढा श्वास मिळतो तेवढ्यात ती बोलत होती. “चेन बदललीय. तू वसईला गेलास तेव्हाच. गुणाजींनी वाडीत येऊन बदलली. आता चल!”

“पण… दुकानदार तर… नोंदणीचं पुस्तक…”

“मी गेले त्याच्या दुकानात. या पोटाने. काउंटरशी उभी राहिले. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि चेन दिली. चल म्हणते ना!”

“तू मला सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर नव्या चेनची फाईल काढली असतीस!”

दोनशे माणसं हसली. ज्यांनी तीन दिवस फक्त आरोळ्या दिल्या होत्या आणि खांदे दिले होते, ती माणसं पोट धरून हसली. बुधाजीने मिशीवरून हात फिरवत टपावर थाप मारली. जयवंतला दहा दिवसांचा खोकला एकदम आला. लिओनार्डचे कान तापले. एवढा अपमान त्याचा कधी झाला नव्हता, आणि तोही वाडीबाहेर, दोनशे साक्षीदारांसमोर. त्याने गाडी पुढे काढली.

आणि मग त्याच्या लक्षात आलं की खडखड थांबली आहे. इंजिन आपलं साधं घरघर करत होतं. दीड महिन्यात पहिल्यांदाच त्याचे कान रिकामे झाले होते, आणि त्या रिकाम्या कानांना मागच्या सीटवरून काहीतरी ऐकू आलं. व्हायोला पुटपुटत होती. त्याला वाटलं ती प्रार्थना करतेय. नीट ऐकलं तेव्हा ते तीनच शब्द होते. “लगेच रडू दे. लगेच रडू दे. लगेच रडू दे.”

लिओनार्डला ती फाईल आठवली. जयवंतला विचारून झालं होतं, रामदासना, राजारामकाकांना, फादरना, मूळ मालकाला थेट स्कॉटलंडात पत्र लिहून विचारून झालं होतं. त्या पुलावर ती चार मिनिटं जी बाई आडवी पडून आकाशाकडे बघत होती, तिला त्याने काहीच विचारलं नव्हतं.

“व्हायोला,” तो मागे न बघता म्हणाला, “तुला भीती वाटते?”

“पाच वर्षं वाटतेय,” व्हायोला म्हणाली. “समोर बघून चालव.”

त्याने समोर बघून चालवलं. रस्ता अधूनमधून धूसर होत होता, तेव्हा जयवंत आपला रुमाल पुढे करत होता.

हॉस्पिटलात व्हायोलाला आत नेलं आणि दार मिटलं. व्हरांड्यात बाकावर इतर बाप नव्हते. त्या दिवशी पोचणार कोण? दूर लालबागच्या बाजूने आरोळ्या ऐकू येत होत्या. लिओनार्ड दाराकडे तोंड करून उभा राहिला, आणि त्याला असं वाटलं की आपण पुन्हा त्या पुलावर आहोत आणि घोडा हलत नाहीये. तासभर गेला. मग आत काही भांडी वाजली, कुणीतरी भराभर चाललं आणि एक लहानसा, चिडका, कर्कश आवाज दारातून बाहेर आला. तो थांबेचना.

लिओनार्ड मटकन खाली बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला. आतलं पोर आणि बाहेरचा बाप यांत मोठ्याने कोण रडतंय ते कळेनासं झालं, तेव्हा आया दार उघडून बाहेर आली आणि म्हणाली, “एकाने तरी गप बसा! मुलगा झालाय.”

संध्याकाळी त्याला आत सोडलं. व्हायोला उशीला टेकून पडली होती, डोळे मिटून, केस कपाळाला चिकटलेले. बाळ शेजारी झोपलं होतं. लिओनार्डला तिला खूप काही विचारायचं होतं. गुणाजी तिला कुठे भेटला, वाडीत कुणाकुणाला ठाऊक होतं, आणि आपण एवढे मूर्ख आहोत हे तिने इतकी वर्षं कसं चालवून घेतलं. पण त्याआधीच तिने डोळे न उघडता त्याचा हात चाचपून धरला.

“लिओ, मला शुद्ध नव्हती नीट. रडला ना रे तो? लगेच?”

“लगेच.”

“किती वेळाने?”

“वेळ नाहीच. दार मिटलेलं होतं तरी बाहेर ऐकू आला.”

तिच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी वाहून कानात जात होतं आणि ती ते पुसत नव्हती.

“परत सांग,” ती म्हणाली.

लिओनार्ड स्टूल ओढून तिच्याजवळ बसला आणि त्याने ते पहिल्यापासून सांगितलं. आयाने भेटीची वेळ संपल्याचं दोनदा ओरडून सांगितलं तरी तो सांगतच होता.